पडद्यावरचा ज्यू माणूस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ज्यू समाज आणि सिनेमा या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

हॉलिवूडचे बहुतेक मोठे स्टुडिओ ज्यू मालकांचे होते, असं वाचलं. मग १९३० ते १९४५ च्या दरम्यानच्या सिनेमांत ज्यू पात्रं इतकी कमी का? (पुणे)

मालक ज्यू होते हे खरं आहे. युनिव्हर्सलचे कार्ल लेम्ले जर्मनीतले, पॅरामाउंटचे अ‍ॅडॉल्फ झुकोर हंगेरीतले आणि वॉर्नर बंधूंचं कुटुंब पोलंडमधून आलेलं. पण पडद्यावर काय दिसू द्यायचं, हे मालकाचा धर्म पाहून ठरत नव्हतं. बाजार, सेन्सॉर आणि भीती या तिन्ही गोष्टी ते ठरवत होत्या.

मूकपटांच्या काळात चित्र वेगळं होतं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली ज्यू वस्ती, फेरीवाले, रब्बी (ज्यू धर्मगुरू), चाळवजा घरं हे सगळं अमेरिकन पडद्यावर सर्रास दिसायचं. 'हिज पीपल' (१९२५) मध्ये रुडॉल्फ शिल्डक्राउट यांनी अशाच वस्तीतला बाप उभा केला आहे. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द जाझ सिंगर' झळकला. ध्वनी आला म्हणून तो सर्वांना माहीत आहे, पण त्याची गोष्ट पूर्णपणे ज्यू घरातली आहे. बाप सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, प्रार्थना गाणारा, मुलाला मात्र रंगमंचाची ओढ. जेकी राबिनोविट्झचा जॅक रॉबिन होतो आणि त्याच्या मोठ्या खेळाची पहिली रात्र नेमकी योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या, संध्याकाळी येते. तो खेळ सोडून आजारी बापाच्या जागी 'कोल निद्रे' ही त्या संध्याकाळची प्रार्थना गातो. ही भूमिका करणारे अ‍ॅल जोल्सन मूळचे आसा योएल्सन, लिथुआनियातून आलेल्या अशाच एका प्रार्थनागायकाचे पुत्र. शेवटी तो आईसमोर रंगमंचावर गातो ते चेहऱ्याला काळा रंग फासून. एका अल्पसंख्याकाला अमेरिकन होण्यासाठी दुसऱ्याची नक्कल करावी लागली, ही या सिनेमाची बोचणारी बाजू आहे आणि ती नजरेआड करू नये.

१९३४ नंतर हे जग पडद्यावरून ओसरलं. त्या वर्षी जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे लागू केली. परदेशी सरकारांना दुखावणारं काही नको, हा त्यातला एक नियम होता. १९३३ पासून लॉस एंजेलिसमधले जर्मन वाणिज्य दूत गेओर्ग गिस्लिंग स्टुडिओंवर सतत दबाव आणत. त्याच वर्षी हर्मन मॅन्किविझ यांनी हिटलरविरोधी पटकथा लिहिली, ती कधीच चित्रित झाली नाही.

तरी जर्मन बाजार हे एकच कारण पुरेसं नाही. वॉर्नर ब्रदर्सने १९३४ मध्येच जर्मनीतला धंदा बंद केला होता. तरीही त्यांच्याच 'द लाइफ ऑफ एमिल झोला' (१९३७) मध्ये 'ज्यू' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. विषय काय, तर ड्रायफस प्रकरण, म्हणजे ज्यू फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा आरोप आणि त्याच्या बाजूने उभा राहिलेला लेखक झोला! अधिकाऱ्यांच्या यादीवर बोट फिरतं, ड्रायफसच्या नावापाशी थांबतं, धर्माच्या रकान्यात तो शब्द क्षणभर दिसतो आणि संपतं. झोला झालेले पॉल म्युनी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीवर घडलेले नट होते. ड्रायफसच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारे जोसेफ शिल्डक्राउट हे वर उल्लेखलेल्या रुडॉल्फ यांचे चिरंजीव. नट ज्यू, पात्र ज्यू, स्टुडिओ ज्यूंचा आणि शब्दाला मात्र बंदी. 'द मॉर्टल स्टॉर्म' (१९४०) मध्ये नाझी छळ उघड दाखवला आहे, पण तिथेही पात्राला 'आर्येतर' म्हटलं आहे.

यामागे मालकांची भीती होती. ज्यू लोक आपल्या स्वार्थासाठी अमेरिकेला युद्धात ओढताहेत, हा आरोप तेव्हा उघडपणे व्हायचा. सप्टेंबर १९४१ मध्ये अमेरिकन सेनेटच्या समितीने हॉलिवूडच्या 'युद्धप्रचारा'ची चौकशीसुद्धा सुरू केली होती. मग धाडस कोणी केलं? स्वतःचा स्टुडिओ आणि स्वतःचा पैसा असलेल्या चॅप्लिन यांनी. ते स्वतः ज्यू नव्हते. 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) मध्ये त्यांनी ज्यू न्हावी नायक केला आणि दुकानांच्या काचांवर तो टाळलेला शब्द ठसठशीत रंगवलेला दाखवला.

या काळातला सिनेमा पाहताना तीन गोष्टी तपासा. पात्राचं आडनाव काय आहे, 'ज्यू' हा शब्द कोण आणि कोणत्या प्रसंगी उच्चारतो आणि घरात एखादी प्रार्थना, सण किंवा जेवण दिसतं का. तिन्ही नसतील आणि तरी पात्र ज्यू आहे असं जाणवत असेल, तर गाळणी कुठे लागली ते तुम्हाला सापडलं.

'जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट' आणि 'क्रॉसफायर' दोन्ही १९४७ चे, दोन्ही ज्यूद्वेषावर. आधी कोणता पाहावा? (नागपूर)

'क्रॉसफायर'. 'जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात ग्रेगरी पेक यांनी केलेला पत्रकार ज्यू असल्याचं सोंग घेतो आणि हॉटेलात, शेजारात, प्रेमात कसे दरवाजे बंद होतात ते अनुभवतो. हेतू चांगला आहे, पण नायकाला केव्हाही ते सोंग उतरवता येतं. शिवाय ज्यू आणि इतर यांच्यात काही फरकच नाही, असं सिनेमा वारंवार सांगतो. त्यामुळे ज्यू असणं म्हणजे काय, हा प्रश्न रिकामाच राहतो.

एडवर्ड डमिट्रिक यांचा 'क्रॉसफायर' ८६ मिनिटांचा, कमी खर्चाचा गुन्हेपट आहे. मूळ कादंबरीत खून होतो तो समलिंगी माणसाचा. आचारसंहितेत तो विषय वर्ज्य होता, म्हणून पटकथेत मृत माणूस ज्यू केला. इतकी सहज अदलाबदल होते हे खटकतं. पण रॉबर्ट रायन यांच्या खुनी सैनिकाच्या तोंडी ज्यूद्वेषाची रोजच्या बोलण्यातली भाषा येते, ती फार अचूक आहे. दिग्दर्शक डमिट्रिक आणि निर्माते एड्रियन स्कॉट दोघांनाही त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीने बोलावलं. साक्ष नाकारल्याबद्दल पुढे दोघे तुरुंगात गेले.

नाझींचे प्रचारपट अभ्यासासाठी पाहावेत का? (औरंगाबाद)

अभ्यासासाठी पाहायला हरकत नाही, पण आधी माहिती वाचून आणि नंतर चर्चा करून. फाइट हार्लान यांचा 'ज्यू स्यूस' (१९४०) सुमारे २ कोटी लोकांनी पाहिला आणि नाझी नेता हिमलरने पोलीस व एसएस या नाझी दलाच्या लोकांना तो दाखवण्याचा आदेश काढला. तो चालला, कारण तो वरवर उत्तम बांधणीचा ऐतिहासिक मेलोड्रामा आहे. जर्मनीत तो आजही तज्ज्ञाची प्रस्तावना आणि नंतरची चर्चा असेल तरच दाखवला जातो.

त्याच वर्षीच्या 'डेर एविगे युडे' ('शाश्वत ज्यू') या तथाकथित माहितीपटात एक लक्षात ठेवण्यासारखी चोरी आहे. हॉलिवूडच्या 'द हाउस ऑफ रॉथशिल्ड' (१९३४) मध्ये कर वसूल करणारा येताच ज्यू कुटुंब पैसा लपवून गरिबीचं नाटक करतं. अन्यायी कराला दिलेलं उत्तर म्हणून सहानुभूतीने लिहिलेलं हे दृश्य नाझींनी तसंच उचललं आणि ज्यूंच्या लबाडीचा पुरावा म्हणून वापरलं. एखादं चित्रण चांगलं की वाईट, हे ठरवताना संदर्भ काढून घेतला तर काय उरतं, हेही पाहायला हवं.

आमच्या फिल्म क्लबला या विषयावर पाच सिनेमे दाखवायचे आहेत. क्रम आणि तांत्रिक काळजी सांगा. (कोल्हापूर)

पाचही सिनेमे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारावरचे निवडू नका. प्रेक्षकाला मरणारा ज्यू दिसतो, जगणारा दिसत नाही, ही या विषयावरच्या महोत्सवांतली नेहमीची चूक आहे.

पहिला 'द जाझ सिंगर', सुमारे दीड तास. हा पूर्ण बोलपट नाही. गाणी आणि अगदी थोडे संवाद ध्वनिमुद्रित आहेत, बाकी पाट्या आणि संगीत. प्रेक्षकांना आवाज गेला असं वाटतं, म्हणून सुरुवातीला सांगून ठेवा. चेहरा काळा रंगवण्याच्या प्रथेबद्दलही दोन मिनिटं बोला.

दुसरा 'द डिबुक' (१९३७). पोलंडमध्ये यिडिश भाषेत बनलेला, मिखाल वाशिन्स्की यांचा. कुणाची मर्जी राखायची गरज नसताना ज्यू समाज स्वतःला कसा पाहत होता, ते इथे कळतं. मेलेल्या प्रियकराचा आत्मा वधूच्या अंगात येतो, ही कथा. दोन वर्षांत युद्ध आलं आणि हे जगच नष्ट झालं. इंटरनेटवर कापलेल्या प्रती फिरतात. पूर्ण आवृत्ती सुमारे दोन तासांची आहे, ती मिळवा. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या आवारातलं ज्यू चित्रपट केंद्र यिडिश सिनेमांच्या दुरुस्त प्रती तयार करतं. जुन्या प्रतींत पांढरी उपशीर्षकं पांढऱ्या कपड्यांवर विरून जातात, म्हणून आधी दहा मिनिटं चालवून पाहा. या दोन्ही सिनेमांची चौकट जवळपास चौकोनी आहे. प्रोजेक्टर रुंद पडद्यावर 'पूर्ण भर' ठेवला तर चेहरे आडवे पसरतात किंवा डोकी कापली जातात. ४:३ वर ठेवा आणि बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या.

तिसरा 'क्रॉसफायर'.

चौथा चेकोस्लोव्हाकियाचा 'द शॉप ऑन मेन स्ट्रीट' (१९६५), दोन तासांहून थोडा अधिक. युद्धकाळातल्या स्लोव्हाक गावात ज्यू म्हातारीचं बटणांचं दुकान सरकार एका साध्या सुताराच्या नावावर करतं. तिला ऐकू कमी येतं, कायदा बदललाय हेच तिला कळत नाही आणि ती त्याला मदतनीस समजून घरातलं माणूस मानते. हा माणूस वाईट नाही, नुसता भित्रा आहे आणि तेवढं पुरतं. यिडिश रंगभूमीच्या इडा कामिन्स्का यांचं काम पाहण्यासाठी तरी हा चुकवू नका.

पाचवा जोन मिक्लिन सिल्व्हर यांचा 'हेस्टर स्ट्रीट' (१९७५), दीड तास, बराचसा यिडिश. १८९६ चं न्यूयॉर्क. आधी आलेला नवरा दाढी उतरवून 'जेक' झालाय, मागून आलेली बायको डोक्यावर रीतीप्रमाणे टोप घालते. केस दाखवायचे की नाहीत, यावर संसार मोडतो. स्टुडिओंनी हात झटकल्यावर दिग्दर्शिकेच्या नवऱ्यानेच पैसा उभा करून वितरणही केलं.

'फिडलर ऑन द रूफ' (१९७१) मुद्दाम वगळला आहे. तीन तासांचा आहे आणि गोडही आहे, पण त्यातल्या गावामुळे सगळे ज्यू तसेच असतात, असा समज पक्का होतो. आणि नरसंहारावरचा माहितीपट 'शोआ' (१९८५) दाखवायचाच असेल, तर साडेनऊ तासांचा तो सिनेमा एका दिवसात बसवू नका. त्याचे मूळचेच दोन भाग आहेत, दोन दिवस ठेवा.

नरसंहारावर इतके सिनेमे आहेत. त्यांत काळानुसार नेमकं काय बदललं? (ठाणे आणि इंदूर)

मेला कोण, हे सांगण्याची पद्धत बदलली. अ‍ॅलन रेने यांचा ३२ मिनिटांचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) नाझी छावण्यांवरचा अत्यंत ताकदीचा माहितीपट आहे. त्याच्या निवेदनात ज्यूंचा थेट उल्लेख जेमतेम एकदा येतो. फ्रान्सला तेव्हा 'आपण सगळेच बळी' ही गोष्ट हवी होती. ज्यू कैद्यांवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी एका छायाचित्रात दिसत होती, तीही सेन्सॉरने झाकायला लावली.

'द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक' (१९५९) मध्ये वेगळ्या मार्गाने हेच झालं. अ‍ॅनने ११ एप्रिल १९४४ च्या नोंदीत ज्यूंच्याच वाट्याला हे का, असं थेट विचारलं आहे. ज्या नाटकावरून सिनेमा निघाला, त्यात तिचं बोलणं बदलून 'कधी एका वंशाला सोसावं लागतं, कधी दुसऱ्या' असं केलं. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी १९४५ मध्ये मुक्त झालेली डाखाउ छावणी स्वतः चित्रित केली होती, तरी सिनेमा अ‍ॅन लपली होती त्या माळ्यावरच संपतो. अ‍ॅनच्या वडिलांचं काम जोसेफ शिल्डक्राउट यांनीच केलं. बावीस वर्षांपूर्वी ड्रायफस झालेल्या नटाला आता निदान ज्यू बाप म्हणून मेणबत्त्या लावता आल्या.

क्लॉद लांझमान यांनी 'शोआ' मध्ये एकही जुनी चित्रफीत वापरली नाही. फक्त साक्षीदार, जागा आणि रेल्वे. 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९५ मिनिटं, सगळं पुन्हा उभं केलेलं. औशवित्झ या नाझी छावणीच्या आत चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही, म्हणून फाटकाबाहेर सेट लावला. सिनेमा शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्यांनी सुरू होतो, पण निर्णय घेणारा नायक ज्यू नाही, हा त्यावरचा आक्षेप आम्हाला पटतो. मात्र त्यातूनच १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेने पन्नास हजारांहून अधिक साक्षी ध्वनिचित्रमुद्रित केल्या, हेही तितकंच मोठं काम आहे.

आमच्या मते खरं वळण हंगेरीच्या 'सन ऑफ सॉल' (२०१५) मध्ये आहे. औशवित्झमध्ये प्रेतं जाळण्याचं काम लादलेला ज्यू कैदी सॉल एका मुलाला ज्यू रीतीने पुरता यावं, कुणीतरी 'कद्दिश' ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणावी म्हणून रब्बी शोधत फिरतो. जवळपास सगळा सिनेमा ४० मिमी भिंगावर, अरुंद चौकटीत आणि सॉलच्या चेहऱ्यापाशी किंवा खांद्यामागे आहे. मागचं सगळं धूसर. भीषण प्रकार दिसत नाहीत, अनेक भाषांतल्या आरडाओरड्यातून ऐकू येतात. म्हणून हा लॅपटॉपच्या स्पीकरवर पाहू नका, निम्मा सिनेमा हरवतो.

'यहुदी' (१९५८) मध्ये खरे ज्यू कलावंत होते का? (मुंबई)

मुख्य भूमिकांत नाहीत. प्राचीन रोममधल्या ज्यूंवरच्या जुलमाची गोष्ट सांगणाऱ्या बिमल रॉय यांच्या या सिनेमात ज्यू जवाहिऱ्या एझ्राच्या भूमिकेत पारशी सोहराब मोदी आहेत आणि त्याच्या मुलीच्या भूमिकेत मीनाकुमारी. गोष्ट आगा हश्र काश्मिरींच्या 'यहुदी की लडकी' या पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची. तिचं मूळ युरोपात, १८३५ च्या एका फ्रेंच ऑपेरात आहे. म्हणूनच 'ज्यू' मुलगी जन्माने रोमन निघते. जुलूम करणाऱ्याला धडा शिकवायला त्याचंच रक्त लागतं, ही त्या जुन्या युरोपीय कथेची मर्यादा आपल्याकडेही आली.

आपल्या सिनेसृष्टीत ज्यू कलावंतांची कमतरता नव्हती. मूकपटांची मोठी तारका सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स (सुलोचनाबाई लाटकर वेगळ्या). १९४७ च्या पहिल्या मिस इंडिया प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम. नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. 'आलम आरा' ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर आणि सर्वांचे लाडके डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे दोघे कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे. पण डेव्हिड पडद्यावर कोण होतात? 'बूट पॉलिश' (१९५४) मध्ये जॉनचाचा, 'बातों बातों में' (१९७९) मध्ये टॉमकाका. नादिरा 'ज्युली' (१९७५) मध्ये अँग्लो-इंडियन आई होतात. ज्यू नटाला ख्रिस्ती पात्र द्यायचं, ही हिंदी सिनेमाची सोय होती आणि चेऊलकर आडनावाचं पात्र कुणाला सुचलं नाही, याची खंत वाटते.

इस्रायली सिनेमात भारतीय ज्यू दिसतात का? (अश्दोद)

फार थोडे. अव्ही नेशेर यांचा 'टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड' (२००४) जरूर पाहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेगेव्हच्या वाळवंटातल्या गावात भारतातून आणि मोरोक्कोतून आलेली कुटुंबं शेजारी राहतात, एकमेकांना मागास समजतात आणि क्रिकेटमुळे जवळ येतात. त्याआधी 'सल्लाह शबाती' (१९६४) पाहिलात तर पूर्वेकडून आलेल्या ज्यूंकडे इस्रायली पडदा सुरुवातीला कसा पाहत होता, ते कळेल.

बेने इस्रायल कुटुंबावर लघुपट करतोय, काळ १९४० चा. घर, पोशाख, विधी यांत काय चुकतं? (अलिबाग)

सर्वांत मोठी चूक पोशाखाची. काळा कोट, केसाळ टोपी, कानशिलावर बटा हे पूर्व युरोपचं रूप आहे. कोकणातल्या घरात धोतर किंवा पायजमा, डोक्यावर साधी टोपी, बायकांना नऊवारी आणि मंगळसूत्र. भाषा मराठी. सिनेगॉगला 'मशीद' म्हणतात. आडनावं गावांवरून: रोहेकर, नागावकर, दिवेकर. बायबलमधली नावंही मराठी वळणाची होत. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर 'सामाजी हसाजी' म्हणून ओळखले जात.

मेझुझा ही धर्मवचनांचं चर्मपत्र ठेवलेली छोटी डबी आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागात हवी. उभी लावा. तिरपी लावण्याची पद्धत पूर्व युरोपीय आहे.

शब्बाथचा दिवा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लागतो. रात्रीचं दृश्य असेल तर दिवा आधीपासून तेवत असू दे, कुणी काडी ओढताना दाखवू नका. पूर्वी याच समाजाला 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. प्याल्यात विदेशी वाइन नको, काळ्या मनुका भिजवून काढलेलं सरबत हवं. जेवणात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नाहीत, मासा खवल्यांचा आणि परांचा हवा. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध घाला; दही किंवा तूप नाही. मलिद्याच्या ताटासाठी पाव किलो पोहे भिजवून घ्या, एका नारळाचा चव, वाटीभर साखर, वेलची, सुकामेवा आणि भोवती पाच प्रकारची फळं. हे ताट एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने, नवस किंवा शुभकार्याच्या वेळी मांडतात.

तल्लित, म्हणजे झालरीची शाल, सकाळच्या प्रार्थनेला. रात्री फक्त योम किप्पूरच्या संध्याकाळी. 'कद्दिश' म्हणायला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, चारच उभे केलेत तर जाणकाराला लगेच खटकेल. तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, खरी गुंडाळी चित्रीकरणासाठी उघडायला मागू नका, प्रतिकृती करा. तिच्यावरच्या अक्षरांना स्वरचिन्हं नसतात आणि वाचताना हात न लावता दर्शक काडी वापरतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. साध्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली की अक्षरांचा क्रम उलटतो आणि संकलनात दृश्य आरशासारखं फिरवलं तरी पाटी उलटी होते. छपाईपूर्वी आणि अंतिम संकलनानंतर, असं दोनदा समाजातल्या जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्या.

वेळापत्रक लावताना शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र मोकळी ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सण ओळीने येतात आणि त्यांच्या तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगची परवानगी त्या दिवसांसाठी मागू नका.